पाखरं वाटून घ्यायची

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात माझ्या मामांनी मागच्या रब्बीत दीड एकर ज्वारी पेरली. कणसात दाणा भरू लागला आणि सगळ्या शिवाराची पाखरं त्यांच्याच वावरात उतरली. एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला ऊस; पाखरांनी जावं तरी कुठं? गावभर ज्वारी असायची तेव्हा ती थोडी याच्याकडं, थोडी त्याच्याकडं खायची, कुणाला फारसं जाणवायचं नाही. मामा तांबडं फुटल्यापासून गोफण घेऊन माळ्यावर. "पुढल्या साली आपणबी हरभराच करायचा," म्हणाले. शेजाऱ्यानं पीक बदललं म्हणून आपल्यालाही बदलावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शाश्वत शेतीवर हल्ली पुष्कळ बोललं जातं. बहुतेक बोलणं शेतात काय घालायचं याभोवती फिरतं: जीवामृत, गांडूळखत, निंबोळी अर्क. घालावं, माझी ना नाही. पण आधी काय कशाला धरून उभं होतं, ते पाहायला हवं.

रब्बीची ज्वारी पाऊस ओसरताना पेरतात आणि ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर कणसापर्यंत जाते. मोहोळला निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण याच कोरडवाहू रानातला. जानेवारीत पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, ताटं मात्र उभी. वावराच्या काठानं करडई. ती काटेरी, त्यामुळे जनावर आत शिरत नाही. शिवाय घरचं तेल. दाणा माणसाला, कडबा बैलाला, बैलाचं शेण उकिरड्यात आणि उकिरडा परत वावरात. खरिपाच्या ज्वारीत तुरीचे तास असायचे. तुरीचं सोटमूळ खोल जातं, ज्वारीची मुळं वरच्या थरात पसरतात. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि पाला गळून रानातच कुजतो. याला कुणी शास्त्र म्हणत नव्हतं. पेरायची रीत, एवढंच.

मग हिशोब बदलला. १९६४ साली 'सीएसएच-१' हा भारतातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. बुटकं ताट, भरघोस दाणा. अन्नाची टंचाई होती, दाणा हवाच होता. तो वाण आणण्याच्या निर्णयाला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण 'एकरी उतारा' या रकान्यात कडबा कधी चढला नाही, करडईचं तेल चढलं नाही, राखलेली ओल तर नाहीच. पुढं विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरलं. विकलं की रोख पैसा हातात, पण त्याच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. वैरण महागली तसे बैल विकले गेले, उकिरडा आटला, त्या जागी खताची गोणी आली. दोष एकट्या गोणीचा नव्हे.

जेवणाचं ताटही तसंच बदललं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. रेशनच्या दुकानातून मुख्यतः गहू-तांदूळच घरी आला. भाकरी खाणाऱ्या घरात पोळी रोजची झाली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झालं, ज्वारीला 'श्री अन्न' म्हटलं गेलं, शहरात तिची बिस्किटं निघाली. मामांच्या माळ्यावर मात्र दुसरा माणूस काही आला नाही.

हे सगळं मी एकदा रंगून सांगत होतो, तेव्हा मामी म्हणाल्या, "ज्वारी पायजे ना तुम्हाला? मग या उपटायला." ज्वारी काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. वाकून ताट उपटायचं, पाचुंदे बांधायचे, कणसं मोडायची. तळहात सोलतात, पातीनं मान कापते. यातलं निम्म्याहून जास्त काम बायांचं, आणि वर भाकरी थापायचीही त्यांनीच. जुन्या शेतीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत ही कंबर सहसा दिसत नाही. माझ्याही बोलण्यात तोवर ती नव्हती. निसर्गाशी जुळवून घेतलेली शेती घरातल्या बाईच्या पाठीवर उभी असेल, तर ती टिकाऊ कशी म्हणायची?

यंदा मामांनी हरभऱ्याचा बेत सोडला. बांधाला बांध लागून असलेल्या दोघांना त्यांनी गळ घातली: तिघांनी मिळून ज्वारी करू, पाखरं वाटून घेऊ. एक तयार झाला. दुसऱ्यानं विचारलं, "काढायला माणसं कुठनं आणायची?" मामांनी मामींकडं पाहिलं. मामी चुलीत लाकूड सारत राहिल्या.