पडद्याआडचे पाहण्याचा अधिकार

ज्या गोष्टीवर माणसाचे प्रेम असते तिचे अंतरंग जाणून घ्यावे, अशी ओढ त्याला स्वभावतःच लागते. नाटकाचा शौकीन प्रयोग संपल्यावर रंगपटाकडे वळतो. गाण्याचा रसिक गवयाचा रियाज कानी पडावा म्हणून त्याच्या दाराशी घुटमळतो. या ओढीला कोणी दोष देणार नाही. परंतु एखाद्या गोष्टीची ओढ असणे निराळे आणि तिच्यावर अधिकार असणे निराळे. या दोहोंतील अंतर अलीकडे एका अनपेक्षित क्षेत्रात फार ठळकपणे पुढे आले आहे. फुटबॉल क्लबांचे अंतर्गत जीवन दाखवणारे दूरचित्रवाणीवरील अनुबोधपट हे ते क्षेत्र होय. विषय वरकरणी खेळाचा आहे. त्याच्या पोटातील प्रश्न मात्र नीतीचा आहे, आणि ज्यांना फुटबॉलची गोडी नाही त्यांनीही त्याचा विचार करावा इतका तो व्यापक आहे.

या अनुबोधपटांची घडण साधारणतः अशी असते. चित्रीकरण करणारी मंडळी एक संपूर्ण हंगाम क्लबच्या आवारात वावरतात. मैदानावरील खेळ तर सारे जग पाहतेच. यांचा कॅमेरा जातो तो ड्रेसिंग रूममध्ये, दुखापतींवर उपचार चालतात त्या खोलीत, व्यवस्थापकाच्या कचेरीत आणि प्रसंगी क्लबच्या स्वयंपाकघरातही. हंगामभर साठलेल्या प्रचंड चित्रणातून अखेर काही तासच निवडले जातात आणि त्यांची मालिका होते. आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या गावी बसून कोणीही आज ती हातातल्या फोनवर पाहू शकतो. इंग्लंडमधील ते मैदान ज्याने कधी पाहिले नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्याला त्या मैदानाच्या आतल्या खोलीत खाली मान घालून बसलेला खेळाडू अगदी जवळून दिसतो. अंगण न ओलांडता एकदम माजघरात पोहोचावे, तसे हे झाले. माजघरात जाणाऱ्या पाहुण्याला काही मर्यादा असतात. या नव्या पाहुण्याच्या मर्यादा कोणत्या, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

हा प्रकार आजचा नव्हे. १९९४ च्या विश्वचषकासाठी इंग्लंडचा राष्ट्रीय संघ पात्र ठरावा म्हणून झटणारे मार्गदर्शक ग्रॅहॅम टेलर यांनी आपल्या कामाचे चित्रण करू दिले. १३ ऑक्टोबर १९९३ रोजी रॉटरडॅम येथे नेदरलँड्सविरुद्धचा सामना इंग्लंडने गमावला. मैदानाच्या कडेला उभे राहून पंचांशी कळवळून बोलणारे टेलर त्या चित्रणात कायमचे बंदिस्त झाले. संघ अपात्र ठरला, टेलर पायउतार झाले आणि १९९४ च्या जानेवारीत तो अनुबोधपट प्रक्षेपित झाला. एका प्रामाणिक गृहस्थाच्या तोंडून तणावाच्या घटकेला निसटलेली वाक्ये पुढे वर्षानुवर्षे लोकांनी थट्टेवारी नेली. १९९५ साली लंडनच्या लेटन ओरिएंट या गरीब क्लबवरही असाच एक पट आला. मालकाचा रुवांडातील कॉफीचा व्यवसाय तेथील यादवीमुळे बुडाला होता आणि त्या वर्षी क्लब अवघ्या पाच पौंडांना विकला गेला. मार्गदर्शकांपैकी जॉन सिटन यांनी एका जुन्या, एकनिष्ठ खेळाडूला सामन्याच्या मध्यंतरातच कामावरून काढून टाकले, तो प्रसंग साऱ्या देशाने पाहिला. पुढे सिटन यांची स्वतःचीही नोकरी गेली, आणि ते लंडनमध्ये टॅक्सी चालवू लागले. त्यांचा संताप समर्थनीय नव्हता, हे मान्य. परंतु ज्या आर्थिक विवंचनेतून तो उसळला ती प्रेक्षकांच्या स्मरणातून केव्हाच गेली, आणि ओरडणारा माणूस तेवढा शिल्लक राहिला.

याच्या उलट २०१८ साली मँचेस्टर सिटी या धनाढ्य क्लबवर आलेली मालिका पाहावी. ज्या हंगामाचे हे चित्रण, त्या २०१७-१८ च्या हंगामात या संघाने शंभर गुण मिळवून विजेतेपद पटकावले होते. मालिका देखणी आहे. परंतु ती क्लबच्या सहकार्याने झालेली आहे, आणि पाहता पाहता आपल्या ध्यानात येते की आपण घरात शिरलो खरे, पण यजमानाने ज्या खोल्या झाडून ठेवल्या होत्या तेवढ्याच आपल्याला दाखवल्या गेल्या. आपल्याकडे मुंबई इंडियन्स या क्रिकेट संघावर २०१९ साली नेटफ्लिक्सने आठ भागांची मालिका आणली, तिचेही थोड्याफार फरकाने हेच. २०१७ चा विजेता असलेला हा संघ २०१८ च्या हंगामात पाचव्या स्थानावर राहिला आणि बाद फेरीपूर्वीच त्याचे आव्हान संपले. मालिकेत पराभवाची हळहळ आहे, खेळाडूंच्या घरची माणसे आहेत. संघाची किंमत, जाहिरातदारांचे करार, खेळाडूला ठेवण्या-सोडण्यामागील आकडेमोड या गोष्टी मात्र तिच्या कथानकाच्या कडेलाच राहतात.

येथे कोणी म्हणेल की, कॅमेरा हा केवळ साक्षी आहे. जे घडले ते त्याने टिपले, यात त्याचा दोष कोणता? साक्षी हा शब्द आपल्या परंपरेत फार जपून वापरला जातो. जो पाहतो परंतु पाहण्याने पाहिल्या जाणाऱ्या गोष्टीत काही बदल घडवीत नाही आणि तिच्यातून काही मिळवीत नाही, तो साक्षी. कॅमेऱ्याला ही पदवी शोभत नाही. वेल्समधील रेक्सहॅम हा १८६४ साली स्थापन झालेला क्लब २०२१ साली दोन अभिनेत्यांनी विकत घेतला आणि २०२२ पासून त्यावर मालिका सुरू झाली. त्या मालिकेने क्लबचे नाव जगभर गेले आणि जाहिरातदार आले. संघही २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे वरच्या श्रेणीत चढला. त्या गावाला आनंद झाला असेल, आणि तो आनंद खोटा म्हणण्याचे कारण नाही. परंतु येथे पाहणाराच पाहिलेल्या गोष्टीचा पोशिंदा झाला. ज्याच्या पाहण्यावर दुसऱ्याचे भाग्य अवलंबून आहे, त्याला मी केवळ साक्षी आहे असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग सारे झाकूनच ठेवावे काय? तसे म्हणणेही योग्य नव्हे. प्रथम हे लक्षात घ्यावे की झाकणे म्हणजे लबाडी, हे आजच्या काळाने धरलेले समीकरण मुळात चुकीचे आहे. नैवेद्य दाखवताना देवापुढे पडदा ओढतात, तो देवाविषयी काही दडवण्यासाठी नव्हे. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाचे लिंग नदीपलीकडे हलवले गेले, तेव्हा त्या गुप्ततेनेच भक्तांचे दैवत राखले. आमच्या बाजारहत्नूर-बोथ भागात दिवाळीच्या सुमारास गोंड वस्त्यांतून दंडारी निघते. मोरपिसांचा भरजरी मुकुट घालून गुसाडी नाचतो, आणि तेवढे दिवस तो व्रतस्थ असतो. याच नृत्याची विद्या जतन करणारे मर्लवाईचे कनक राजू यांचा २०२१ साली पद्मश्री देऊन गौरव झाला. त्या पिसांखाली कोण आहे हे वस्तीतील माणसांना ठाऊक असते. तो त्यांच्यातलाच एक. तरीही नाचत्या गुसाडीचा मुकुट उचलून पाहावा असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तीचे हे जाणणे सहवासाचे असते. त्याच्या सुखदुःखात वाटा उचलून ते मिळवलेले असते. फोनवर पाहणाऱ्याने असा कोणताच वाटा उचललेला नसतो.

झाकणे आणि दडवणे यांतला हा भेद आपल्या देवस्थानांच्या कारभारात फार पूर्वीपासून पाळला जातो. गाभाऱ्यात कोणी जावे, केव्हा जावे, याला मर्यादा आहे. परंतु देवस्थानाच्या जमिनी, दागिने आणि दानपेटी यांचा हिशेब महाजनांपुढे उघडा असलाच पाहिजे. जो कारभारी गाभाऱ्याच्या पावित्र्याचे निमित्त सांगून हिशेबाची वहीही झाकू लागतो, त्याच्याविषयी शंका येते आणि ती यावीच. माणसाचे जे दुःख, जी लज्जा, जी दुर्बळ घटका, ती गाभाऱ्यातील; आणि दुसऱ्याच्या आयुष्यावर चालणारी जी सत्ता, जो पैसा, जो निर्णय, तो वहीतील. पहिल्याला पडदा हवा, दुसऱ्याला उजेड हवा. क्लबांवरील अनुबोधपटांविषयी माझा मुख्य आक्षेप हाच की, त्यांतील बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. हरलेल्या पोराचे अश्रू ते उघड्यावर आणतात आणि मालकाची वही मिटलेली ठेवतात.

बहुतेक म्हटले, सर्व म्हटले नाही. कारण एक सन्माननीय अपवाद समोर आहे. इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलँड या क्लबवरील मालिका २०१८ साली आली. जहाजबांधणी आणि कोळसा हे त्या शहराचे जुने उद्योग बंद पडलेले, आणि शहराचा अभिमान म्हणावा असा हा एक क्लब उरलेला. मालिकेच्या आरंभीच चर्चमध्ये धर्मगुरू संघासाठी प्रार्थना करतात. क्लबच्या स्वयंपाकघरातील बायाही मालिकेत दिसतात. २०१७-१८ च्या हंगामाअखेर संघ लागोपाठ दुसऱ्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला. विजयाची कथा सांगावी म्हणून आत घेतलेला कॅमेरा पराभव पाहूनही बाहेर गेला नाही. या मालिकेतही अन्याय नाही असे नव्हे: जॅक रॉडवेल या खेळाडूच्या मोठ्या वेतनाविषयी इतर लोक भरपूर बोलतात, त्याची स्वतःची बाजू मात्र फारशी ऐकू येत नाही. परंतु २०२० साली आलेल्या दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. ३१ जानेवारी २०१९ हा खेळाडू विकत घेण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस. नवे मालक स्ट्युअर्ट डोनल्ड एका खेळाडूसाठी आपल्याच सल्लागारांचे मत बाजूला सारून बोली चढवत नेतात. तेथे कॅमेरा सत्तेच्या खोलीत शिरला आहे. हजारो लोकांच्या प्रेमावर उभा असलेला एक व्यवहार एका माणसाच्या उतावळेपणावर कसा झुलतो, हे पाहण्याचा त्या लोकांना पुरा अधिकार होता. कारण तिकिटाचे पैसे त्यांचे, आणि पुढील अपयशाचे ओझेही त्यांचेच.

याच कसोटीवर आपल्या घरचा एक दुःखद प्रसंग तपासून पाहावा. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपे क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. धेंपे क्लबने चषक जिंकला, पण ज्याने जिंकून दिला तो परत आला नाही. त्या संध्याकाळी धेंपेच्या ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा असता तर त्याने काय टिपले असते, याची कल्पना करवत नाही. त्या खोलीत काय बोलले गेले, कोण कसा रडला, हे जाणून घेण्याचा अधिकार गोव्यातील निष्ठावंतातील निष्ठावंतालाही नव्हता. परंतु मैदानावर वैद्यकीय व्यवस्था कशी होती, मदत किती वेळात पोहोचली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला होता; कारण त्या उत्तरावर उद्याच्या दुसऱ्या कोणा खेळाडूचा जीव अवलंबून होता. पडदा आणि उजेड एकाच प्रसंगात, एकाच वेळी लागतात. कोठे काय, हे ठरवणारा विवेक तेवढा जागा हवा.

हा विवेक निर्मात्यांनी बाळगावा असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. जे पाहिले जाते तेच दाखवले जाते, आणि पाहणारे आपण आहोत. पुढच्या वेळी असा अनुबोधपट समोर आला की एवढेच स्वतःला विचारावे: येथे कोणाची दुर्बळता उघडी पडते आहे आणि कोणाची सत्ता झाकली जाते आहे? जो रडताना दिसतो त्याने मनापासून होकार दिला असेल का, की नोकरी टिकावी म्हणून मान डोलावली असेल? या प्रश्नांनी मालिकेची गोडी कमी होणार नाही. देवळात जाताना आपण चपला बाहेर ठेवतो, त्याने दर्शनाची गोडी कमी होत नाही. दुसऱ्याच्या माजघरात शिरताना तेवढी अदब पाळणारा प्रेक्षकच तेथे शिरण्यास पात्र ठरतो. आणि ज्याला ही अदब जमते, तो अखेर जाऊन मालकाला हिशेबाची वही उघडायला सांगण्याचे धैर्यही दाखवू शकतो.