बोट हलण्याआधी

उजवा हात मांडीवर ठेवा. तळवा खाली, बोटं सैल.

कापडाचा पोत जाणवू दे. तळव्याखाली हळूहळू साठणारी ऊब जाणवू दे.

एक श्वास घ्या. सोडा. आणखी एक.

आता तर्जनीकडे पाहा. पेरावरच्या आडव्या रेषा. नखाच्या कडेला निघालेली बारीकशी साल. बोट स्वस्थ पडून आहे.

मनात येईल तेव्हा ते उचला. आकडे मोजू नका, आधी ठरवू नका. नुसती वाट पाहा.

…

उचललंत? हे कधी ठरलं? तो क्षण सापडतो का, पाहा.

नसेल सापडत तर पुन्हा एकदा. सावकाश.

1983 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांनी काही माणसांना असंच बसवलं होतं. समोर प्रकाशाचा एक ठिपका घड्याळाच्या काट्यासारखा फिरायचा, 2.56 सेकंदांत एक फेरी. वाटेल तेव्हा हात हलवायचा, आणि तसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. इच्छा जाणवायची ती हालचालीच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधी. मेंदूतली विजेची लाट मात्र सुमारे 550 मिलिसेकंद आधीच उठू लागलेली असायची.

लाट आधी. इच्छा मागाहून.

लगेच वाद घालावासा वाटतो. आत्ता नको. हे वाचून छातीत काय झालं तेवढं पाहा. काही आक्रसलं? की उलट हलकं वाटलं? जे असेल ते असू दे.

श्वास चालू आहे. तोही तुम्ही ठरवून घेत नव्हता.

बुद्धांच्या काळी मक्खली गोसाल नावाचे आजीवक पंथाचे गुरू होते. माणसाच्या प्रयत्नाने काही बदलत नाही, असं ते सांगत. फेकलेला सुताचा गुंडा दोरा संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव आपला फेरा पुरा करतो. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते बौद्ध आणि जैन ग्रंथांतून, म्हणजे विरोधकांच्या तोंडून. म्हणून जरा जपूनच ऐकायचं.

ऐका, आणि बोटाकडे परत या.

एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ आधी रोममध्ये गुलाम होता. मोकळा झाल्यावर तो पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवू लागला. शरीर आपल्या ताब्यातलं नाही, असं तो म्हणे. म्हणजे मांडीवरचा हा हातही नाही. मनात जे उठतं त्याला होकार द्यायचा की नाही, एवढंच आपलं. गुलामी भोगलेला माणूस हे सांगतो, म्हणून ते मला पोकळ वाटत नाही.

आता पुन्हा वाट पाहा. बोट उचलावंसं वाटू दे.

वाटलं? उचलू नका.

तसेच राहा. पेरात कणभर ताण आला आहे. तो आहे, आहे… आणि ओसरतो. कसा ओसरतो ते पाहत राहा.

लिबेट यांना इथेच जागा दिसली. इच्छा जाणवल्यावर ती अडवायला थोडा वेळ उरतो, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या प्रयोगाचा दाखला देऊन इच्छेचं स्वातंत्र्य मोडीत काढणारे हे हमखास विसरतात.

पण हा नकार कुठून आला? त्याच्याही आधी एखादी लाट होती का?

विचारा, आणि गप्प राहा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

सुरुवात माझी असते, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. थांबताना मात्र मी हजर असल्यासारखं वाटतं. मला सध्या तेवढं पुरतं.

आज कधीतरी कुणाला तोडून उत्तर लिहाल. मेसेज पाठवायच्या बटणावर अंगठा जाईल. तिथे एक श्वास थांबा. मग हवं तर पाठवा.