अंतिम निर्णय आणि सत्य

फुटबॉलच्या नियमावलीतील पाचवा नियम असे सांगतो की खेळाशी निगडित वस्तुस्थितीबाबत, म्हणजे गोल झाला की नाही याबाबतही, पंचाचा निर्णय अंतिम असतो आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर, चूक ध्यानात आली तरी, तो स्वतः पंचालाही फिरवता येत नाही. 'अंतिम' म्हणजे 'अचूक' नव्हे, हा भेद विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' (१९६१) या ग्रंथात खेळातील गुणलेखकाच्या उदाहरणाने स्पष्ट केला. गुणलेखकाचा शब्द शेवटचा असला तरी गुण कशाला म्हणायचे हे नियम ठरवतो, गुणलेखकाची मर्जी नव्हे, आणि म्हणूनच 'तो चुकला' या वाक्याला अर्थ राहतो. पंच आणि खेळाडू यांच्यातील आचारधर्माचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा, कारण मैदानावर ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याला सत्य ठाऊक असेलच असे नाही, आणि ज्याला ते पक्के ठाऊक असते त्याला निर्णयाचा अधिकार नसतो.

हा अधिकार एका माणसाकडे नेहमीच नव्हता. १८९१ पूर्वी इंग्लंडमध्ये प्रत्येक संघाचा एक पंच मैदानात असे, खेळाडूंनी दाद मागितली की ते निर्णय देत, आणि त्यांचे एकमत झाले नाही तरच प्रश्न बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे 'रेफरी'कडे, जाई. त्या वर्षी रेफरीला मैदानात आणून सर्व अधिकार त्याच्या हाती देण्यात आले. पाचामुखी परमेश्वर मानणाऱ्या मराठी वाचकाला या बदलाचे वजन चटकन जाणवेल, कारण जो भार अनेकांनी वाटून घ्यायचा तो येथे एकाच्या डोळ्यांवर पडला, आणि त्या डोळ्यांसमोर बावीस खेळाडू धावत असतात.

१८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसजवळ फ्रान्स आणि आयर्लंड यांच्यातील विश्वचषक पात्रता लढतीच्या जादा वेळेत थिएरी ऑन्री याने चेंडू हाताने अडवून पुढे दिला, त्यावर विल्यम गॅलासने गोल केला, पंच मार्टिन हान्सन यांना तो स्पर्श दिसला नाही आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली. सामन्यानंतर ऑन्रीने हात लागल्याचे मान्य केले, पण आपण पंच नाही असेही सांगितले. या उत्तरामागे एक गंभीर भूमिका आहे: वकिलाने आपल्याच अशिलाविरुद्ध पुरावा द्यायचा नसतो, तसे खेळाडूने आपल्या संघाविरुद्ध बोलायचे नसते, आणि प्रत्येकाने आपापली भूमिका बजावली की न्याय व्यवस्थेतून आपोआप निघतो. परंतु हे साम्य टिकत नाही. वकील घडलेल्या घटनेविषयी बोलतो, ती घटना त्याने घडवलेली नसते. ऑन्री मात्र स्वतःच कर्ता होता आणि एकमेव निश्चित साक्षीदारही होता. निर्णयाचे काम पंचाचे आहे म्हणून कर्त्याची जबाबदारी पंचाकडे जात नाही, कारण अधिकार सोपवता येतो, पण स्वतःच्या कृत्याचे ज्ञान दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

याचा अर्थ खेळाडूने पंचाची सत्ता झुगारावी असा मुळीच नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये पाओलो दि कानियो याने लाल कार्ड दाखवणाऱ्या पंच पॉल अलकॉक यांना ढकलून पाडले आणि त्याला अकरा सामन्यांची बंदी झाली, ती योग्यच होती; चुकू शकणाऱ्या माणसाला निर्भयपणे निर्णय देता यावा एवढी सुरक्षितता नसेल तर खेळच उरणार नाही. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत निर्णयाबद्दल पंचाशी बोलण्याची मुभा केवळ कर्णधाराला ठेवण्यात आली, तीही याच कारणासाठी. दुसऱ्या बाजूने पंचावरही ऋण आहे. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नायजेल डी याँगने शाबी अलोन्सोच्या छातीवर लाथ मारली तेव्हा हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दाखवले, आणि नंतर ते लाल असायला हवे होते हे त्यांनी उघडपणे मान्य केले. त्या कबुलीने निकाल बदलला नाही, तरी पंचपदाची प्रतिष्ठा उणावली असे म्हणता येत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये नापोलीविरुद्ध लात्सिओच्या मिरोस्लाव क्लोजेचा गोल पंच लुका बांती यांनी मान्य केला, परंतु चेंडू आपल्या हाताला लागल्याचे क्लोजेने स्वतः सांगताच त्यांनी तो रद्द केला. लात्सिओ ०–३ असा हरला. येथे खेळाडू बोलला आणि पंचाने ऐकले, यांपैकी दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, हे मार्च १९९७ मधील आर्सेनल आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यातून कळते. लिव्हरपूलचा रॉबी फाउलर आर्सेनलचा गोलरक्षक डेव्हिड सीमनसमोर पडला, पंचांनी पेनल्टी दिली, आणि फाउलरने उठून सीमनने आपल्याला पाडले नाही असे हातवारे करून सांगितले. तरीही पंच जेराल्ड अ‍ॅशबी आपल्या निर्णयावर ठाम राहिले. खोटे पडून फसवणाऱ्यांची इतकी सवय पंचांना झालेली असते की स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष ऐकण्याची तयारी त्या व्यवसायात अनेकदा राहिलेली नसते. फाउलरने मग ती पेनल्टी घेतली, सीमनने चेंडू अडवला, आणि परत आलेल्या चेंडूवर जेसन मॅकअटियरने गोल केला.