तुलनेचे माप

धर्माच्या नावाखाली क्रूर कृत्य घडले की, दोन विधाने हमखास ऐकू येतात. ‘तो धर्मच तसा आहे’ हे एक आणि ‘असे सगळीकडेच होते’ हे दुसरे. यांतील योग्य कोणते, असे विचारण्यापूर्वी तुलना कशासाठी चालली आहे, हे पाहायला हवे.

सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरील आक्रमणानंतर, इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी बर्लिनमध्ये पाश्चात्त्य संस्कृती इस्लामी जगापेक्षा श्रेष्ठ असल्याचे म्हटले. त्या तुलनेतून ऐकणाऱ्याला केवळ अभिमान मिळाला. स्वतःत पालटण्यासारखे काही मिळाले नाही.

५ फेब्रुवारी २०१५ या दिवशी बराक ओबामा वॉशिंग्टनमधील वार्षिक प्रार्थना-सभेत बोलले. इस्लामिक स्टेटने जॉर्डनच्या वैमानिकाला जिवंत जाळल्याची चित्रफीत दोनच दिवसांपूर्वी समोर आली होती. ओबामांनी त्या संघटनेचा कठोर निषेध केला. त्याचसमवेत क्रूसेड, धर्मन्यायालये, गुलामगिरी आणि वर्णभेद यांचेही समर्थन ख्रिस्ताच्या नावाने झाले होते, याचे स्मरण करून दिले. यावर वादळ उठले. लुइझियानाचे राज्यपाल बॉबी जिंदल यांनी, मध्ययुगीन ख्रिस्ती धोका आता आटोक्यात आहे, असा टोला मारला.

या टोल्यातही तथ्य आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या पापामुळे आजचे पाप हलके होत नाही. जिवंत जाळलेल्या माणसाच्या कुटुंबाला इतिहासाचा दाखला देऊन काय सांत्वन मिळणार ? मात्र ओबामा स्वतः ख्रिस्ती होते आणि ऐकणारेही बहुतांश ख्रिस्तीच होते. स्वतःच्या घरात उभे राहून घरातील दोष सांगणे, हे आत्मपरीक्षण आहे. तोच दाखला एखाद्या आतंकवाद्याने स्वतःच्या बचावासाठी दिला असता, तर ती पळवाट ठरली असती. शब्द तेच, पण उद्देशाप्रमाणे त्यांचे मूल्य पालटते.

आपली खरी परीक्षा त्याच भाषणात पुढे आहे. ओबामांनी भारताच्या विविधतेची प्रशंसा केली आणि येथील धार्मिक असहिष्णुता पाहून गांधीजींनाही धक्का बसला असता, असेही म्हटले. आपल्याकडे अनेकांना हे झोंबले. ख्रिस्ती लोकांना आरसा दाखवला, तेव्हा जो धाडसी वाटला, तोच वक्ता आपल्याकडे वळताच अन्यायी वाटला का ? वाटला असेल, तर आपण सत्य नव्हे, बाजू पाहत होतो.

तुलना करायचीच असेल, तर माप एकच हवे. आपले संत आणि दुसऱ्याचे गुंड, आपली शिकवण आणि दुसऱ्याचे आचरण, अशी तुलना आरंभीच खोटी असते. शिकवणीशी शिकवण आणि आचरणाशी आचरण ताडून पाहावे. गुलामांच्या व्यापाराला धर्माचा आधार देणारे ख्रिस्ती होते, तसे १८०७ मध्ये ब्रिटनमध्ये तो बंद करणारा कायदा व्हावा म्हणून झटलेले विल्यम विल्बरफोर्सही श्रद्धावान ख्रिस्तीच होते.

राजकारण्याला मते हवी असतात. साधकाला चित्तशुद्धी हवी असते. म्हणून पुढच्या वेळी असे एखादे भाषण भ्रमणभाषवर येईल, तेव्हा ते पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारूया, ‘यामुळे माझा अहंकार वाढतो आहे कि विवेक ?’