सुखाने झोपतो कोण?



रात्री झोप लागत नाही, ही तक्रार आज घराघरांत ऐकू येते. पूर्वी ती म्हाताऱ्या माणसांची तक्रार समजली जाई. आता विशीतला पोरगाही तीच सांगतो. कर्जाचा हप्ता थकलेला बाप, नोकरीत रोज टोमणे ऐकणारी बाई, परीक्षेला बसलेला मुलगा, रात्रपाळी करून आलेला कामगार, दिवा मालवल्यावर हे सारे एकाच रांगेत येतात. मग कोणी मांत्रिकाकडून लिंबू आणून उशीखाली ठेवतो, कोणी दंडाला ताईत बांधतो, कोणी शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याच मनाने गिळतो आणि कोणी सरळ गुत्त्याची वाट धरतो. धम्माकडे मात्र या कामासाठी कोणी येत नाही. बुद्ध म्हणजे जागा झालेला. तेव्हा त्याच्या धम्मात जागण्याचाच उपदेश असणार, झोपेचे तेथे काय काम, अशी आपली समजूत.

ही समजूत खरी नव्हे. भगवंतांना त्यांच्या झोपेविषयी लोकांनी विचारले होते आणि भगवंतांनी त्याचे उत्तरही दिले होते. अंगुत्तर निकायात ही हकिगत आहे. भगवान आळवी नगरीजवळ शिंशपावनात मुक्कामाला होते. गुरांच्या वाटेवर झाडाचा पाला पसरून त्यावर ते बसले होते. हत्थक आळवक नावाचा उपासक फिरत फिरत तेथे आला. हा आळवीचा मोठा माणूस, लोकसंग्रहाबद्दल भगवंतांनी ज्याची प्रशंसा केली तो. त्याने वंदन करून विचारले की, भगवंतांना रात्री सुखाने झोप लागली ना? भगवंत म्हणाले, हो, लागली. जगात जे सुखाने झोपतात त्यांच्यापैकी मी एक आहे.

हत्थकाला हे पटेना. दिवस कडाक्याच्या थंडीचे, माघ संपून फाल्गुन लागतानाचे. गुरांच्या खुरांनी तुडवलेली जमीन दगडासारखी टणक. पाल्याचे अंथरूण पातळ, झाडाला पाने विरळ, अंगावरची चीवरे गार आणि वाराही गार. अशा ठिकाणी झोप लागेल कशी? तेव्हा भगवंतांनी त्यालाच उलट प्रश्न केला. समज, एखाद्या गृहपतीचे मोठे घर आहे. आतून-बाहेरून लिंपलेले, दारे-खिडक्या घट्ट, वाऱ्याची झुळूकही आत शिरत नाही. पलंगावर लोकरीचे जाड आच्छादन, दोन्ही बाजूंना उशा, वर छत, तेलाचा दिवा, सेवेला माणसे. तो सुखाने झोपेल की नाही? हत्थक म्हणाला, झोपेल. पण त्याच गृहपतीच्या अंगात आणि मनात लोभाचा दाह उठला, द्वेषाचा दाह उठला, मोहाचा दाह उठला, तर? मग नाही झोपणार, असे हत्थकानेच कबूल केले. तथागतांनी तो दाह मुळासकट उपटलेला होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. कोणी शहाणा या सुत्ताचा असा अर्थ काढील की, गरिबाने पत्र्याच्या खोपटात, गटाराच्या काठी, डासांच्या घोंगावण्यात समाधानाने पडून राहावे. झोप लागली नाही तर दोष त्याच्याच मनाचा. असला अर्थ आमच्या गळी फार उतरवला गेला आहे. तो बुद्धाचा नव्हे. त्याच आळवीची दुसरी गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. त्याला शोधत तो दिवसभर रानात हिंडला आणि उपाशीपोटी उपदेश ऐकायला येऊन बसला. भगवंतांनी आधी त्याला जेवायला घालायला लावले, त्याचे पोट भरले आणि मगच धम्म सांगितला. भुकेला ते सर्वांत मोठा रोग म्हणाले. ज्या गुरूने भुकेल्याला आधी अन्न दिले, तो उकाड्यात तळमळणाऱ्याला आधी ध्यान शिकवणार नाही. म्हणून शरीराची सोय प्रथम. मच्छरदाणी हवी, हवा खेळती हवी, रात्रपाळीवाल्याच्या खोलीच्या खिडकीला दिवसा जाड कापड हवे, आणि वस्तीतला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद हवा. आपल्याही जयंतीचा.

ही सोय झाल्यावरही जे जागे राहतात, त्यांच्यासाठी हत्थकाला दिलेले उत्तर आहे.

रात्रीचा लोभ दिवसाच्या लोभासारखा दिसत नाही. शेजाऱ्याने घेतलेली गाडी, मेव्हण्याचे दोन मजली घर, आपल्याला न मिळालेली बढती, असे हिशेब तो करीत बसतो. द्वेष तर रात्री फारच बोलका होतो. कचेरीत साहेबाने चारचौघांत अपमान केला, जात काढली नाही पण सुचवली; दिवसा आपण गप्प राहिलो आणि रात्री दोन वाजता अंथरुणात त्याला सडेतोड उत्तरे देत आहोत. एकाहून एक सरस उत्तरे सुचतात आणि ऐकायला साहेब नसतो, तो आपल्या घरी घोरत असतो. मी असे म्हणत नाही की अपमान गिळा. बाबासाहेबांच्या अनुयायाला ते कोणी सांगू नये. अर्ज लिहा, संघटनेकडे जा, कायद्याचा आधार घ्या. पण ते काम उजेडी करा. रात्री त्या साहेबाला अंथरुणात घेतल्याने त्याचे काही बिघडत नाही, तुमचे मात्र उद्याचे बळ जाते, आणि लढायला तेच लागणार आहे.

मोहाचे रूप ओळखायला सर्वांत कठीण. "मला आता झोप लागलीच पाहिजे" हाच तो मोह. घड्याळ बघायचे, एक वाजला, आता पाचच तास राहिले, आता चारच, उद्या माझे कसे होणार, असे मोजत बसायचे. संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या दुःखाचा. अज्ञ माणूस त्यावर रडतो, छाती पिटतो आणि दुसरा बाण ओढवून घेतो, तो मनाचा. झोप न लागणे हा पहिला बाण. तो कधीमधी प्रत्येकाला लागतो आणि एका रात्रीच्या जागरणाने कोणी मरत नाही. झोप लागली नाही याची धास्ती हा दुसरा बाण. झोपेचा अभ्यास करणारे आजचे डॉक्टरही हेच सांगतात की, जुनाट निद्रानाशाला मूळ कारणापेक्षा ही धास्तीच अधिक पोसते. झोप ही ओढून आणण्याची वस्तू नव्हे. तिच्यामागे धावलात तर ती पुढे पळते.

मग मनाला कसे निववावे? मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात भगवंतांनी भरकटणाऱ्या विचारांवर पाच उपाय सांगितले आहेत. ते ध्यान करणाऱ्या भिक्खूंसाठी आहेत, तरी त्यांतला चौथा जणू निद्रानाश झालेल्यासाठीच सांगितला आहे. एक माणूस भरभर चालला आहे. त्याच्या मनात येते, मी भरभर का चाललो आहे? हळू चालावे. हळू चालता चालता वाटते, चालतोच कशाला? उभे राहावे. उभा राहिल्यावर वाटते, बसावे. बसल्यावर वाटते, आडवे व्हावे. एकेक खडतर स्थिती टाकून तो सौम्य स्थितीत येतो. विचारांनाही असेच एकेक पायरी खाली आणायचे असते.

हे प्रत्यक्षात करून पाहा. अंथरुणावर पडलात आणि मुलीच्या कॉलेजच्या फीचा विचार धावू लागला. त्याला दाबू नका, शिव्या देऊ नका. विचारा, हा का धावतो आहे? उद्या फी भरायची शेवटची तारीख आहे म्हणून. आता रात्री एक वाजता कॉलेजची खिडकी उघडी आहे काय? नाही. मग धावायचे कारण उरले नाही, चालू दे हळू. सकाळी पहिले काम कोणते? मोठ्या भावाला फोन. बस, एवढेच ठरले. आता या विचाराला उभा राहू दे, बसू दे. त्यानंतर श्वासाकडे लक्ष द्या. आत आला, बाहेर गेला. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला बदलू नका. मन निसटेल, पुन्हा आणा. शंभरदा निसटले तरी काही बिघडत नाही. पाचवा उपाय दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाने मन दडपण्याचा आहे. तो अंथरुणात करू नये, त्याने झोप उडेल.

ज्यांचे विचार असे ऐकत नाहीत त्यांनी निजण्यापूर्वी पाच मिनिटे वहीत उद्याची कामे लिहून काढावीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवसभर झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा उद्याची कामे लिहिणाऱ्यांना लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. कागदावर ठेवलेले ओझे मनाला धरून ठेवावे लागत नाही.

एवढे करूनही साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठा. रिचर्ड बूट्झिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली हा उपाय मांडला आणि तो आजही निद्रानाशाच्या उपचारातला एक मुख्य भाग आहे. अंथरूण झोपेसाठी आहे, तळमळण्यासाठी नाही. मंद उजेडात बसा, काही साधे वाचा, पेंग आली की परत या. पुन्हा तेच झाले तर पुन्हा उठा. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा. भगवंत भिक्खूंना सांगत की रात्रीच्या मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, स्मृती राखून आणि उठण्याची वेळ मनात धरून निजावे. झोपण्याची वेळ आपल्या हाती नसते, उठण्याची असते. ती पक्की ठेवली की काही दिवसांत झोपण्याची वेळ आपोआप तिच्यामागून येते.

मैत्रीभावनेचे अकरा लाभ भगवंतांनी सांगितले. त्यांतले पहिले तीन कोणते, ठाऊक आहे? सुखाने झोपणे, सुखाने जागे होणे आणि वाईट स्वप्ने न पडणे. झोपण्यापूर्वी प्रथम स्वतःविषयी मैत्री करा. आपल्यातले पुष्कळजण येथेच अडतात, कारण स्वतःचे भले चिंतण्याची सवय आपल्याला पिढ्यान्पिढ्या लागूच दिली नाही. मग घरातली माणसे, मग शेजारी, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही असा कोणी, आणि जमलेच तर तो साहेब. पहिल्या दिवशी साहेबापर्यंत पोचायचा हट्ट नको.

दारूविषयी स्पष्ट बोलतो. "घोटभर घेतली की झोप येते" हे खरे आहे, म्हणूनच ते घातक आहे. दारूने डोळा लवकर मिटतो, पण तिचा अंमल ओसरू लागला की उत्तररात्री झोप तुकड्या-तुकड्यांची होते, घसा सुकतो, छाती धडधडते आणि पहाटे माणूस अधिक थकलेला उठतो. मग दुसऱ्या रात्री दोन घोट लागतात. पाचवे शील आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा ही झोपेचीही राखण करतात. चहाचेही तेच; त्यातला कॅफिन कित्येक तास रक्तात राहतो, म्हणून शेवटचा कप दुपारचा. मोबाईल उशाशी नको, एवढेच पुरे.

काहींची झोप मात्र एखाद्या कृत्याने गेलेली असते. भावाला वाटणीत फसवलेले असते, बायकोवर हात उचललेला असतो. राजा अजातशत्रूने बापाला, बिंबिसाराला, मारले आणि तेव्हापासून त्याची झोप गेली, असे अट्ठकथा सांगते. चांदण्या रात्री जीवकाच्या आंब्याच्या बनात तो भगवंतांकडे आला आणि आपला अपराध त्याने आपल्या तोंडाने सांगितला. कर्म पुसले गेले नाही, पण त्यानंतर त्याला झोप येऊ लागली. ज्याला असे काही टोचत असेल त्याने माझे श्वासाचे उपाय करण्याआधी भावाच्या दारात जावे.

आता अभ्यासिकेतल्या मुलांविषयी. बाबासाहेब रात्र रात्र वाचीत बसत, हे आपण मुलांना सांगतो. ते सत्य आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले होते. पण ते जागरण कामाचे होते, आणि त्यांना मधुमेह होता, प्रकृती खंगली होती, हेही मुलांना सांगा. दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. चार तास झोपणारा विद्यार्थी वाचलेलेच गमावतो.

इतके करूनही तीन महिन्यांहून अधिक काळ, आठवड्यातून तीन-तीन रात्री झोप येत नसेल तर डॉक्टरकडे जा. जोराने घोरता घोरता श्वास अडतो असे घरची माणसे सांगत असतील तर लगेच जा. तो वेगळा आजार आहे, त्याला ध्यान पुरत नाही. डॉक्टरने दिलेली झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर हा लेख वाचून ती एकाएकी बंद करू नका, त्यालाच विचारून हळूहळू कमी करा. आणि रोज पहाटे तीनला जाग येऊन मन काळेकुट्ट होत असेल, जगणे नको वाटत असेल, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा. सरकारची टेलि-मानस ही फुकट दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. रात्रीही तेथे कोणी तरी बोलायला असते, आणि मराठीत बोलता येते. प्रत्येक विहाराच्या फलकावर वंदनेच्या वेळेखाली हा क्रमांक ठळक लिहून ठेवावा.