उलट बाजूचे रंग

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत चालू जकार्डच्या मागासमोर उभं राहिलं की नजर ठरत नाही. आत गेलेला वाटणारा चौकोन पापणी लवताच वर येतो. सोलापुरी चादर उलटून पाहिली तर नक्षी तीच, रंग मात्र अदलाबदल झालेले. १९६०च्या दशकात पाश्चात्त्य जगात अशाच दृष्टिभ्रमाला ‘ऑप आर्ट’ हे नाव मिळालं आणि तो कलादालनांत मानानं टांगला गेला. मागावरच्या नक्षीला कुणी कला म्हणत नाही; म्हणून तिला ‘तुझा अर्थ काय?’ असा जाबही कुणी विचारत नाही.

सोव्हिएत रशियात ‘कला’ न म्हणवण्याच्या या आडोशाला फार मोल होतं. १९२३-२४ मध्ये वार्वारा स्तेपानोवा आणि ल्युबोव पोपोवा या चित्रकर्त्री मॉस्कोच्या कापडछपाई कारखान्यात काम करू लागल्या. वर्तुळं, पट्टे, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा यांनी त्यांचं कापड हलतं भासे. उपयोगी वस्तू म्हणून ते चाललंही. पण ‘उपयोगी’ म्हणजे काय, हे ठरवणारे बदलले. दशक सरता सरता कापडावर ट्रॅक्टर आणि धुराडी उमटू लागली. १९३३ साली खुद्द ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रानं या ट्रॅक्टरछाप कापडाची टर उडवली. फर्मान सोडणारे तेच आणि हसणारेही तेच. तोवर, १९३२ मध्ये, कलावंतांच्या स्वतंत्र संघटना मोडीत निघाल्या होत्या.

१ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोच्या मानेझ प्रदर्शनात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह नव्या चित्रकारांवर कडाडले. त्याच वर्षी लेव नुसबर्गनं ‘द्विझेनिये’ म्हणजे ‘गती’ हा गट उभारला. भूमिती, प्रकाश आणि फिरते आकार हे त्यांचं साहित्य. १९६७ मध्ये, ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नाशीला, लेनिनग्राडच्या सजावटीचं काम याच गटाकडे आलं. चित्र म्हणून जे अडलं असतं, ते रोषणाई म्हणून रस्त्यावर झळकलं.

सत्तेला रेषेचं भय नसावं. भय असतं ते डोळ्याचं. ट्रॅक्टर सगळ्यांना ट्रॅक्टरच दिसतो, पण हलणारा चौकोन प्रत्येकाला आपापला दिसतो, आणि आपापलं पाहण्याची सवय चित्रापाशी थांबत नाही.

मागावरच्या नक्षीकारालाही मोकळीक आहे, पण व्यापाऱ्याच्या मागणीपुरती. चादरीवर त्याचं नाव नसतं. दोन्ही जाचांची तुलना होणार नाही, पण धडा एकच: उपयोगाच्या नावावर मिळालेलं स्वातंत्र्य उसनं असतं, देणारा ते केव्हाही परत मागतो. लेनिनग्राड उजळणारा नुसबर्ग १९७६ साली देश सोडून गेला.