सगळं ठीक आहे

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाच्या फोनमधील पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘सगळं ठीक आहे.’ गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामातून टोरंटोस गेलेल्या मुलामुलींच्या आयांकडून हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले, की ते खरे की खोटे हा प्रश्न मनात उठेनासा झाला होता.

तो उठला गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस. सायंकाळच्या मिस्साबलिदानानंतर एक माउली मागे थांबल्या. मुलगा सगळे ठीक म्हणतो, पण आवाज त्याचा वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘फादर, तुम्हांला काही लिहितो का तो?’

त्याने लिहिले होते, आठच दिवसांपूर्वी. एका घराच्या तळमजल्याखालील खोल्यांत पाच जण राहतात. गादी थेट फरशीवर. खिडकी छताला लागून, तिच्यातून फक्त रस्त्याने जाणाऱ्यांचे बूट दिसतात. पावणेपाचला सूर्य मावळतो. नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे एक तास मागे सारतात. त्यामुळे घरचे अंतर साडेनऊ तासांचे साडेदहा झाले, आणि आई मोकळी असते तेव्हा हा वर्गात असतो. रात्री एका दुकानात काम. परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास काम करण्याची मुभा २०२४च्या नोव्हेंबरपासून आहे. त्याची कमाई भाड्यातच जाते. २०२१च्या जनगणनेनुसार टोरंटो महानगरात शंभरांतील सेहेचाळीसहून अधिक लोक बाहेरच्या देशांतून येऊन वसलेले. तेथे परका कोणी नाही, म्हणून ‘तू कुठला?’ असे विचारणाराही कोणी नाही. ‘पिशवी हवी का?’ याखेरीज या आठवड्यात मी कोणाशी काही बोललो नाही, असे त्याने लिहिले होते. आणि शेवटी : ‘आईला सांगू नका, फादर.’

आम्ही माउलींना म्हणालो, ‘थंडीचे दिवस आहेत. रुळेल हळूहळू.’ त्या हलक्या मनाने गेल्या. आम्ही मात्र त्या रात्री बराच वेळ जागे होतो.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे निराळे आणि असत्य बोलणे निराळे, हा भेद संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मान्य केला; सेमिनरीत आम्ही तो पाठ केला होता. दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले खोटे त्यांच्या मते दोषच, पण सौम्य. या तराजूत मुलाचा दोष हलका आणि आमचा बहुधा शून्य. तरीही झोप येईना.

मग संत ऑगस्टिन आठवले. इ. स. ३८३मध्ये ते कार्थेजहून रोमला निघाले. आई मोनिका सोडीना. मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा अनुकूल होईपर्यंत त्याच्यापाशी थांबतो, असे त्यांनी तिला सांगितले. बंदराजवळच्या संत सिप्रियान यांच्या स्मृतिस्थळी ती रात्रभर रडत, प्रार्थना करीत राहिली आणि गलबत निघून गेले. रोममध्ये पोहोचताच ऑगस्टिन तापाने मरणाच्या दारी गेले. आईला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे सुमारे ३९५ साली याच माणसाने असत्यावर ग्रंथ लिहिला आणि कोणत्याही हेतूने बोललेले खोटे क्षम्य धरले नाही. अठराव्या शतकात तत्त्वज्ञ कान्टही तितकाच कठोर झाला. पण तो आपला प्रांत सोडून कधी दूर गेलाच नव्हता, त्यामुळे परक्या शहरातून घरी खुशाली कळविण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. ऑगस्टिनांची कठोरता आम्हांला अधिक जवळची वाटते, कारण ती बंदरावरून आलेली आहे.

मुलाच्या खोट्याने आई फसते, हे नुकसान आम्हांला फार मोठे वाटत नाही. मोठे नुकसान वेगळे आहे. ती ज्या मुलासाठी रोज रोझरी म्हणते, तो उबदार खोलीत पोटभर जेवणारा मुलगा टोरंटोत नाहीच. आणि जो आहे, त्याच्या वाट्याला तिच्या मायेतले काही येत नाही. दोघेही उपाशी.

मात्र हे खोटे एकट्या मुलाचे नव्हे. परदेशी विद्यार्थ्याची फी तेथील मुलांच्या फीच्या कित्येक पट असते. राहण्याच्या खर्चापोटी २०२४पासून २०,६३५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत, पूर्वी १०,००० पुरत. एवढा पैसा वाडी गहाण पडल्याशिवाय आमच्याकडे किती घरांतून निघतो? कर्जाच्या पैशांवर गेलेल्या मुलाला एकटे वाटणे ही चैन ठरते. शिवाय आपण विचारतो तरी कसे? ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. निरोपाच्या समारंभात ध्वनिक्षेपकावरून त्याचे कौतुक करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

आम्ही मुलाला लिहिले : तुझे गुपित आम्ही फोडणार नाही, पण आई पुन्हा विचारील तेव्हा विषय बदलणारही नाही. सगळे एकदम सांगू नकोस. एखादी लहानशी खरी गोष्ट सांग.

पुढच्या रविवारी माउली पुन्हा थांबल्या. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र नेहमीचा, कामाला लागलेल्या बाईचा.

‘गादी फरशीवर आहे म्हणतो, फादर. खाली काय अंथरायला सांगू?’